दोन साक्षीदार आणि एक तारीख

आमचे मोठे सर शाळेत रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांची खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली आणि नंतरच्या तीन वर्षांत ते एकदाही तिच्यावर बसले नाहीत. त्यांना बसायला वर्गातल्या सतरंजीचा कोपरा पुरायचा. खुर्ची मग कुणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी हो बाई. हेडमास्तर खुर्चीत दिसला की लोकं कामाचं बोलत न्हाईत, नुसते नमस्कार करतेत." त्या खुर्चीवर पुढं पालक बसले, पोस्टमन बसला, खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडायला बसल्या. या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, अशी शंका मला पहिल्यांदा तेव्हा आली आणि ती बरेच दिवस टिकली.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. हसनाबादच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर गाव. मी भोकरदनहून स्कूटीवर ये-जा करायची. मूळची मी जालना शहरातली, तेव्हा खेड्यातल्या पोरांना सुधारायला आपण आलोय असा माझा एक समज होता. माझं पाठाचं टाचण रोज रात्री लिहून तयार असे, समासासकट. माझ्या वर्गात भिंतीवर रंगीत तक्ते, फळ्यावर सुविचार, मुलं हाताची घडी घालून बसलेली. केंद्रप्रमुख आले की पाहुण्यांना आधी माझा वर्ग दाखवायचे. थोडक्यात, मी गुणी शिक्षिका होते आणि मला ते चांगलं ठाऊक होतं.

मोठे सर यातल्या कशातच बसत नव्हते. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात चार पेनं आणि त्यातलं एकही चालत नसे. सही करायची वेळ आली की जवळच्या पोराकडे हात पसरायचे, "अर्जदार, जरा लेखणी द्या." पहिलीच्या पोरालाही ते अर्जदार म्हणत आणि अहो-जाहो करत. एखाद्या मुलानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे नाहीत. मांडीवर बोटांनी सावकाश ठोके मोजायला लागायचे, दहापर्यंत. दहा होईपर्यंत बहुतेक वेळा ते पोरगंच काहीतरी बोलायचं, नाहीतर शेजारचं बोलायचं. मी एकदा माझ्या रजेचं विचारायला गेले तर तिथंही बोटं वाजायला लागली. सहाव्या ठोक्याला मीच म्हणाले, "बरं, चाचणी संपल्यावर घेते." ते म्हणाले, "बराबर." घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की या माणसानं माझी रजा नामंजूर केली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

सर अंबडचे. त्यांचे वडील तिथल्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. सरांचं लहानपण त्या ओट्यावर, शाईच्या दौतीशेजारी गेलं. त्यामुळे त्यांची सगळी भाषा कोर्टाची. शाळा सुटली की म्हणायचे, "आजचं कामकाज संपलं." दोन पोरं भांडली की दोघांचे जबाब घ्यायचे. आणि शिकवायची जी रीत त्यांनी आणली तीही त्याच ओट्यावरून उचललेली.

ती रीत अशी. प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहायचा. मला अमुक शिकायचंय आणि ते मी अमुक दिवशी करून दाखवीन. काय शिकायचं ते पुस्तकातलंच असावं असं नाही, पण पुस्तकातलं वर्षअखेर सुटता कामा नये, हे ज्याचं त्यानं बघायचं. शिकायचं कुणाकडून, तेही ज्याचं त्यानं ठरवायचं. मास्तरांकडून शिका, मोठ्या मुलाकडून शिका, घरी आईकडून शिका. मग ती तारीख आली की दोन साक्षीदारांपुढे करून दाखवायचं. साक्षीदाराला ती गोष्ट स्वतःला येत असली पाहिजे. दोघांनी सही केली तर अर्ज निकाली. नाही केली तर पुढची तारीख. नापास हा शब्द सरांच्या राज्यात नव्हताच, पुढची तारीख होती आणि ती अर्जदारानंच द्यायची. मास्तरलाही साक्षीदार होता येत असे, पण दोनातला एकच. दुसरा पोरांमधला हवा.

मी म्हणाले, "सर, पोरं एकमेकांना खोट्या सह्या देतील."

"पहिला महिना देतेत," ते म्हणाले. "मंग ज्याला खोटी सही भेटली तो पुढच्या पायरीवर अडकतो. अन् साक्षीदाराला शिव्या घालतो."

आणि झालं तसंच. महिनाभरात भागाकार येत नसलेली निम्मी शाळा भागाकारात निकाली निघाली. नंतर अपूर्णांकात सगळी गाडी चिखलात रुतली आणि पोरांनी आपणहून नियम कडक केले. तेव्हा पाचवीत असलेली दीक्षा तर साक्षीदार म्हणून इतकी खाष्ट निघाली की मुलं तिला टाळायला लागली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दीक्षाची सही असली की घरचेही मानतात, आणि तिच्याकडे रांग लागली.

माझ्या वर्गात मी हे सगळं शिरू दिलं नाही. निदान सुरुवातीला. माझं वेळापत्रक होतं, माझे तक्ते होते. सर आग्रह करायचे नाहीत, फक्त कधीकधी दारातून विचारायचे, "बाई, तुमचा अर्ज आला न्हाई अजून?" मला भयंकर राग यायचा. बीएड झालेल्या बाईनं कसला अर्ज करायचा?

त्यांचा स्वतःचा अर्ज मात्र भिंतीवर लावलेला असे. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, "मला सायकल येत नाही. पोळ्याच्या आधी चालवून दाखवीन." साक्षीदार चौथीतली दोन पोरं. शाळेच्या फाटकापासून देवळाच्या पारापर्यंत पाय न टेकता जायचं, अशी त्यांनी अट घातली. रोज संध्याकाळी हा उंच माणूस पोराच्या बुटक्या सायकलवर गुडघे कानाशी घेऊन बसलेला आणि मागं अख्खी शाळा धावतेय, असा देखावा गावानं महिनाभर फुकट पाहिला. एकदा ते थेट कपाशीच्या शेतात गेले. शेताचा मालक धावत आला, त्याला वाटलं मास्तर गेले. मास्तर आडवे पडून पोरांना विचारत होते, "माझं काय चुकलं ते सांगा. न सांगता हसायचं न्हाई."

तीन तारखा गेल्या. चौथ्या वेळी ते पारापर्यंत पोचले, टाळ्या झाल्या, दोन्ही पोरांनी सह्या केल्या. सरांनी सह्यांकडे बघितलं आणि मांडीवर बोटं वाजवायला लागले. आठव्या ठोक्याला त्यातलं एक पोरगं मान खाली घालून म्हणालं, "वळणावर जरासाक टेकल्ता तुमचा पाय." सरांनी कागद तिथंच फाडला आणि नवी तारीख लिहिली. मी तेव्हा फाटकात उभी होते. मनात म्हटलं, इतकं काय ते, पोरानं जरा भीड ठेवली तर बिघडलं कुठं? पुढं मला ते कळणार होतं, आणि माझ्याच करणीनं.

वर्षभरात पालकांची कुरकुर झाली, केंद्रप्रमुखांनी दोनदा भेट दिली. एका भेटीत त्यांनी पाचवीच्या एका मुलाला उभं करून सतराचा पाढा म्हणायला सांगितला. पोरगं शांतपणे म्हणालं, "साहेब, सतराची माझी तारीख गुरुवारी हाय. आज सोळापर्यंत घ्या." साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. सर म्हणाले, "गुरुवारी या साहेब. साक्षीदार कमीच पडून राह्यलेत." साहेब गुरुवारी आले नाहीत, पण पोरानं पाढा म्हटला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या वर्गात विचारलं, की पुढच्या महिन्यात कुणाला काय शिकायचंय. चौतीस हात वर झाले. चार वर्षांत माझ्या वर्गात इतके हात कधी वर झाले नव्हते, आणि ते बघून मला आनंदाच्या आधी लाज वाटली.

सरांच्या तिसऱ्या वर्षी कोमल सहावीत होती. तिचे वडील मल्हारी मेंढपाळ. दिवाळी झाली की कुटुंब मेंढरं घेऊन खाली अंबडच्या बाजूला, गोदाकाठच्या रिकाम्या रानात जायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटाला परतायचं. आतापर्यंत कोमल आजीजवळ गावात राहिली होती. त्या पावसाळ्यात आजी गेली. मल्हारीनं ठरवलं की यंदा पोरगी संगं न्यायची आणि शाळा बंद. पोरगी बारा वर्षांची, धाकटा भाऊ सांभाळायला होईल, आणि शाळेत जाऊन अजून तिला धड वाचता येत नाही, मग जायचं कशाला, हे त्याचं म्हणणं. त्यातलं शेवटचं खरं होतं. कोमल एक-एक अक्षर लावत वाचायची आणि जोडाक्षर आलं की थांबायची.

मी पेटून उठले. मुलगी शाळेबाहेर जाणार म्हणजे काय? मी सरांकडे गेले. "सर, तुम्ही मल्हारीशी बोला. तिला मुलींच्या वसतिगृहात घालू."

सरांनी विचारलं, "कोमल काय म्हणती?"

"ती काय म्हणणार? लहान आहे."

"तिला विचारलं का?"

"सर, इथं एका मुलीचं शिक्षण बंद पडतंय आणि तुम्ही मला विचारलं का म्हणून विचारताय."

ते बोटं वाजवायला लागले. मी दहाची वाट न बघता निघून आले. या माणसाचं हे सगळं अर्जाचं नाटक म्हणजे जबाबदारी टाळायची युक्ती आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

मग मी ठरवलं, यांच्याच रीतीनं यांना दाखवते. कोमलला बसवलं आणि म्हटलं, तू तुझ्या वडलांना अर्ज लिही. तिनं पेन्सिल धरली, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शाळा सुटायची वेळ झाली. मी कागद ओढून घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. काय सुंदर लिहिला होता! "तीर्थरूप वडिलांस साष्टांग नमस्कार. शिक्षण हा माझ्या जीवनाचा पाया असून..." असा दीड पान. शेवटी वसतिगृहाचं. कोमलनं खाली नाव लिहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली, आणि दुसरी सही आता सातवीत असलेल्या दीक्षाकडे मागितली.

दीक्षानं वाचून बघितलं. "बाई, हे कोमलनं लिहिलेलं न्हाई."

"भावना तिचीच आहे ना," मी म्हणाले.

तिनं सही केली नाही. मी दुसऱ्या एका मुलीची घेतली.

मल्हारीला वाचता येत नव्हतं. मी स्वतः त्याच्या घरी गेले आणि अर्ज वाचून दाखवला. तो ओसरीवर लोकर विंचरत बसला होता. कोमल दाराआड. मी चांगला आवाज लावून वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, हे तुमचं बोलणं हाय. माझ्या पोरीला मी जल्मापसून ओळखतो. ती असं बोलत न्हाई." लोकर बाजूला ठेवून तो उठला. "पोरीच्या तोंडात बोलणं घालायला साळंत शिकवून राह्यले का? मंग तर बिलकुल न्हाई धाडत."

दोन दिवसांनी त्यानं शाळेत निरोप पाठवला की कोमलचा दाखला काढून द्या.

त्या दुपारी मी सरांपुढे रडले. आयुष्यात वरिष्ठांपुढे एवढी एकदाच रडले. सरांनी मला त्यांचा रुमाल दिला, तोही खडूनं माखलेला. मग म्हणाले, "माझे वडील चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते. अक्षर मोत्यासारखं. खेड्यातला माणूस यायचा, रडत-भेकत सांगायचा, वडील त्याचं चांगल्या भाषेत करून द्यायचे. मी एकदा आत कोर्टात जाऊन बसल्तो. अर्ज वाचला गेला अन् ज्याचा होता तोच इकडं-तिकडं बघून राह्यला. त्याला वाटलं दुसऱ्याचं चाललंय. त्याची स्वतःची गोष्ट होती बाई, अन् त्याला ती ओळखू आली न्हाई." पुढं म्हणाले, "मी काही मोठा विचार-बिचार केला न्हाई शाळेचा. तेवढं एक डोक्यात बसलं. पोरानं स्वतःचं स्वतः लिहावं. वाकडं लिहिलं तरी."

"आता काय करायचं?"

"दाखला मी दोन दिवस काढत न्हाई. शिक्का सापडत न्हाई म्हणून सांगतो." आणि शिक्का त्यांनी माझ्या देखत खिशात टाकला.

त्या दोन दिवसांत कोमलला कुणी काही सांगितलं नाही. सरांनी फक्त कोरा कागद दिला. पहिल्या दिवशी तिनं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पिंपळाखाली बसून लिहीत होती आणि मी व्हरांड्यात हात मागं बांधून उभी होते, कारण हात मोकळे असते तर मी गेले असते. तो कागद नंतर मी पाहिला. तेव्हापासून तो मला पाठ आहे. सहा ओळी, निम्म्या शब्दांत चुका.

"आबा. मला मेंढरं सोडून करमत न्हाई. मला साळा सोडून बी करमत न्हाई. मी तुमच्यासंगं येते. पुस्तक संगं घेते. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी माझी तारीख हाय. मला साळंत आणा. दीक्षा देईल ते वाचीन. आलं तर पुढच्या साली मला हितं आत्याजवळ ठिवा. न्हाई आलं तर तुम्ही म्हणाल तसं."

वसतिगृहाचं त्यात अक्षरही नव्हतं. तिला मेंढरांसोबत जायचंच होतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

तो कागद तिनं स्वतः वडलांना वाचून दाखवला. अडखळत, थांबत. मल्हारीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बरं. बघू." दाखल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सरांना शिक्का सापडला.

दिवाळीनंतर ते गेले. कोमलच्या पिशवीत पुस्तकं आणि दीक्षाच्या आईचा फोन नंबर. दर रविवारी बाजाराच्या गावातून कोमल फोन करायची, दीक्षा तिच्याकडून एक परिच्छेद वाचून घ्यायची आणि चुका सांगायची. मागं मेंढरांचा आवाज. संक्रांतीपर्यंत हे नीट चाललं. नंतर फोन यायचे बंद झाले. मल्हारीचा नंबर लागेना. एक रविवार गेला, तीन गेले, महिना गेला.

मी पुन्हा सरांवर उखडले. "तुम्ही तिला जाऊ दिलं. आता ती परत येत नाही. बारा वर्षांच्या मुलीवर एवढं सोपवतात का?"

या वेळी त्यांनी बोटं वाजवली नाहीत. म्हणाले, "मलाही भीती वाटून राह्यली बाई. रोज वाटते. पोराच्या हातात दिलं म्हंजे ते पडंल, फुटंल, हे धरूनच द्यावं लागतं. पण ते कोमलचं फुटलं तर मी काय तोंड दाखवू?" मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. मे अखेर ते निवृत्त होणार होते. तीन वर्षांचं सगळं काम त्या एका सोमवारावर तोललं जाणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. शाळेतली बाकीची दीडशे पोरं व्यवस्थित शिकत होती, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे डोळे रस्त्याकडेच होते.

पाडवा झाला. तो सोमवार उजाडला. सकाळची शाळा होती. परिपाठ झाला, पहिला तास झाला. दीक्षानं घरून वर्तमानपत्राचं एक पान आणलं होतं आणि ते दप्तरात घडी करून ठेवलं होतं. दुसरा साक्षीदार सहावीतला एक मुलगा. दोघं उगाच दाराकडे बघत होते. साडेदहा वाजता खिचडी झाली. सर जेवले नाहीत.

सव्वाअकराला फाटकातून मल्हारी आत आला आणि त्याच्यामागं कोमल, उन्हानं रापलेली, दोन वेण्या घातलेली. मेंढरं तिकडंच, गोदाकाठी, मल्हारीच्या भावाच्या हवाली ठेवून पहाटेच निघाले होते. अंबडची एसटी, जालन्याला बदलून भोकरदनची, तिथून काळी-पिवळी जीप. मी म्हणाले, "फोन का बंद झाले?" मल्हारी म्हणाला, "पाण्यात पडला. सोमवारी तारीख हाय म्हणली, मंग आणली. तारीख कोणी चुकवतं का?"

सर वर्गात आले नाहीत. अर्जदार घाबरतो म्हणून हेडमास्तरनं बाहेर थांबायचं, हा त्यांचाच नियम. ते खिडकीबाहेर उभे राहिले. मल्हारी पागोटं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. दीक्षानं पान उघडलं. मोसंबीच्या बागांवरच्या रोगाची बातमी होती. कोमलनं कधी न बघितलेली, तिच्या वडलांनीही न ऐकलेली.

कोमलनं वाचायला सुरुवात केली आणि मी माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला. ती वाचत होती. सलग, मोठ्यानं, अर्थ कळत असल्यासारखी. पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला. जोडाक्षरांवर जराशी थांबून ती पुढं जात होती. मल्हारी तोंड किंचित उघडं टाकून लेकीकडे बघत होता. मग तिसऱ्या परिच्छेदात ती अडखळली. दोन ओळींत चार वेळा थांबली, आणि एक ओळ चक्क गाळून खाली गेली. शेवटपर्यंत वाचून तिनं पान खाली ठेवलं.

दीक्षानं दुसऱ्या साक्षीदाराकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या मनात एकच चाललं होतं, की दीक्षा, बाळा, सही कर. एवढं वाचलं पोरीनं, सही कर. मी बोललेही असते. माझ्या तोंडून "दीक्षा" एवढं निघालंही.

दीक्षा म्हणाली, "खूप चांगलं वाचलं. पण एक ओळ गाळली अन् दोन ओळी जमल्या न्हाईत. मी सही करत न्हाई. पुढची तारीख दे."

न्हाई आलं तर तुम्ही म्हणाल तसं, असं कोमलनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. तिनं वडलांकडे पाहिलं नाही. उठली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "शाळा उघडेल तो दिवस." मग मात्र ती वळून वडलांकडे बघायला लागली.

मल्हारीनं दीक्षाला नीट न्याहाळलं. "पोरी, तुझी मैत्रीण हाय ना ती?"

"हो."

"अन् मी तिला घेऊन जाईन, हे ठाऊक हाय तुला?"

"हो." दीक्षाची मान ताठ होती.

मल्हारीनं पागोटं उचलून डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळताच तो म्हणाला, "मागच्या बारीला बाईंनी सगळं गोड गोड लिहून आणल्तं. म्या म्हणलं, हितं सगळं खोटं चालतंय. ही पोरगी तर तोंडावर न्हाई म्हणून राह्यली. मंग पोरीनं चांगलं वाचलं म्हणती, तेबी खरंच आसंल." त्यानं कोमलकडे पाहिलं. "कोर्टात बी कोणाचा निकाल एका तारखेत लागत न्हाई. साळा उघडल त्या दिवशी आणतो. आत्याला सांगून ठिवतो."

कोमल एकदम खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. दीक्षाही तिच्याजवळ जाऊन बसली आणि तीही रडली. खिडकीबाहेर सर नव्हते. मी बाहेर जाऊन पाहिलं तर ते व्हरांड्यातल्या त्या खुर्चीच्या हाताला धरून उभे होते आणि खिचडीवाल्या मावशींना म्हणत होते, "मावशी, काही उरलं आसंल तर वाढा. लई भूक लागली."

मल्हारी निघताना सरांजवळ थांबला. "तुम्ही आसताल ना त्या दिवशी?"

"मी न्हाई," सर म्हणाले. "मी मे महिन्यात निवृत्त. ह्या बाई हायेत. आता शाळा त्यांच्याकडं."

मल्हारीनं माझ्याकडे वळून पाहिलं. ओसरीवर अर्ज ऐकताना पाहिलं होतं तसंच, तोलून. मग म्हणाला, "चालंल. बाई चांगल्याच हायेत. फक्त बाई, पोरीचं तुम्ही लिहू नका."

"न्हाई लिहिणार," मी म्हणाले.